मेण न लावलेली लेबलं

आमच्या फ्रिजमधल्या डोशाच्या पिठाच्या डब्यालाही कागदाची पट्टी चिकटवलेली असते. तिच्यावर दोन तारखा असतात : पीठ वाटलं कधी आणि डबा उघडला कधी. माझी सून गौरी पुण्याची. बेंगळुरात एचएसआर लेआउटला तिचं आणि माझ्या मुलाचं घर आहे आणि मी तिथे राहायला गेले की पहिल्या आठवड्यात तिच्या सगळ्या डब्यांना माझ्या पट्ट्या लागतात. सुरुवातीला ती हसायची. मग तिला सवय झाली. आता ती स्वतःच दुधाच्या पिशवीवर पेनाने आकडे लिहिते आणि ऑफिसच्या मैत्रिणींना ते सांगू नका म्हणून मला बजावते.

गेल्या दसऱ्याला मात्र तिने मला पकडलं. चामराजपेटच्या आमच्या जुन्या घरी ती स्वयंपाकघर आवरायला आली होती. स्टुलावर चढून अगदी वरच्या फळीवरून तिने लोणच्याची एक बाटली काढली. आतलं तेल काळं पडलेलं, फोडी कुठल्या आणि खार कुठला ते ओळखू न येणारं. ती कचऱ्याच्या डब्याकडे निघाली तशी मी बाटली तिच्या हातातून काढून घेतली. "आई, नियम सगळ्यांना सारखा हवा ना?" ती म्हणाली. तिचं बरोबर होतं. मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. तेवढ्यात या अंकाच्या संपादकांचं पत्र आलं, की नोकरीतल्या आठवणी लिहा. म्हटलं, गौरीला द्यायचं उत्तर इथेच लिहून टाकू.

मी बेंगळुरातल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र विभागाची स्टोअरकीपर होते. कॉलेजचं नाव लिहीत नाही. पुढे जे सांगणार आहे त्यात कॉलेजची फारशी शोभा नाही आणि माझी तर त्याहून कमी. स्टोअरकीपर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावलेली कुरकुरी बाई येते. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. पण कुरकुर कशासाठी, हे कुणी विचारत नसे.

रसायनं बिघडतात. हे बाहेरच्या माणसाला पटत नाही, कारण बाटली तशीच दिसते. काही उजेडाने बिघडतात. सिल्व्हर नायट्रेट तपकिरी बाटलीत घालून कपाटात ठेवलं नाही तर काळं पडतं. काही हवेने बिघडतात. कॅल्शियम क्लोराइडचं झाकण सैल राहिलं तर ते हवेतलं पाणी पिऊन पिऊन शेवटी बाटलीत नुसतं डबकं उरतं. ईथरची तऱ्हा सगळ्यांत वाईट. एकदा उघडला की हवेशी त्याचं आतल्या आत काहीतरी शिजतं आणि महिन्यांनी बाटलीत स्फोट होऊ शकेल असा पदार्थ साठतो. बघायला मात्र पहिल्या दिवसासारखाच स्वच्छ. म्हणून बाटली आली कधी यापेक्षा उघडली कधी ही तारीख मोलाची. उलट नुसतं मीठ, साधं सोडियम क्लोराइड, कोरडं ठेवलं तर माझ्या नातवंडांनाही पुरेल. त्याच्यावर कंपनीने मुदत छापली की मला हसू येई.

आणि काही रसायनं बिघडतात शेजाराने. तीव्र अमोनियाच्या शेजारी हायड्रोक्लोरिक ॲसिड ठेवा, दोन्ही झाकणं घट्ट असली तरी आठवड्याभरात सगळ्या फळीवर पांढरी भुकटी बसते. म्हणून लग्नात कोणत्या आत्याला कोणत्या मामीपासून लांब बसवायचं हे जसं घरातल्या मोठ्या बाईलाच ठाऊक असतं, तसं माझं स्टोअर लावलेलं होतं. ॲसिडं खाली, ट्रेमध्ये. अल्कली समोरच्या भिंतीला. पेट घेणारे द्रव लोखंडी कपाटात. प्रॅक्टिकलला लागणारे क्षार मधल्या दोन लांब फळ्यांवर, ज्यांचं ज्यांच्याशी पटतं त्यांच्यासोबत.

या व्यवस्थेचा दुसरा मालक होता मुनियप्पा, आमचा अटेंडर. वयाने माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी मोठा, तरी मला अक्का म्हणायचा. होसूर रोडवरून सायकलने यायचा, कानाला पेन्सिल लावून, जी त्याने कधी वापरलेली मी पाहिली नाही. कुणी 'स्ट्रॉन्शियम नायट्रेट' म्हटलं की याचा हात मान वर न करता त्या बाटलीवर जायचा. तेवीस वर्षांत त्याने एकदाही चुकीची बाटली दिली नव्हती.

गिऱ्हाइकं मात्र एकेक नमुना. वनस्पतिशास्त्राच्या एक बाई आमच्या फ्रिजमध्ये चटणीचा डबा ठेवायच्या, ब्रोमीनच्या बाटलीच्या खालच्या खणात. मी दारावर नोटीस लावली की इथे खाण्याचे पदार्थ ठेवू नयेत. त्यांनी डब्यावर 'नमुना क्रमांक चार' असं लिहून तो पुन्हा ठेवला. भौतिकशास्त्राचे एक सर दर जूनला दारात उभे राहून विचारायचे, "अक्का, ताजा पारा आलाय का?" पारा हा धातू आहे, तो शिळा होत नाही, हे मी त्यांना दोन वर्षं समजावलं. तिसऱ्या वर्षी जुनाच पारा गाळून, नव्या बाटलीत भरून दिला. फरक लगेच जाणवतो म्हणाले.

नव्वदच्या दशकाच्या मधल्या कुठल्याशा वर्षी आमच्याकडे नवे विभागप्रमुख आले : डॉ. परांजपे, थेट पुण्याहून. मराठी बोलणारं माणूस वर आलं म्हणून मला आनंदच झाला होता. आमचं कुटुंब या मुलखात तीनशे-साडेतीनशे वर्षांपासून आहे; आमचं मराठी घरातल्या घरात वाढलेलं आणि शेजारच्या कानडीशी जमवून घेतलेलं. पहिल्याच दिवशी मी त्यांना म्हटलं, "बसा की सर, कॉफी येते स्वल्प वेळात." ते हसले आणि म्हणाले, "बाई, तुमचं मराठी फार गोड आहे हो." गोड म्हणजे काय ते मला कळतं. मी त्या दिवसापासून त्यांच्यावर दात धरून होते.

माणूस वाईट नव्हता. हुशार होता, कामसू होता, फक्त त्याचं रसायनशास्त्र सगळं कॉम्प्युटरमध्ये होतं. टेस्टट्यूब त्याने हातात घेऊन बरीच वर्षं झाली असावीत. स्टोअरमध्ये शिरल्या शिरल्या सरांनी विचारलं की बाटल्या कोणत्या क्रमाने लावल्यात. मी सांगितलं, ज्यांचं पटतं त्या क्रमाने. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं.

आठवड्याने हुकूम आला. दसऱ्यानंतर पंधरा दिवसांत विद्यापीठाची तपासणी समिती येणार आहे, तोवर स्टोअर इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने लागलं पाहिजे. यादी कॉम्प्युटरवर, लेबलं कॉम्प्युटरवर छापलेली. आणि हे बाईंना जमत नसेल, तर बी.एस्सी. झालेला माणूस नेमू आणि बाईंना लायब्ररीत हलवू. लायब्ररी चांगली जागा आहे. पण तिथे काहीच गळत नाही, वाफाळत नाही, बिघडत नाही. माझा वेळ कसा जावा?

मी जाऊन सांगितलं, "सर, अक्षरांनी लावलं तर सोडियम सायनाइड आणि सल्फ्युरिक ॲसिड एका फळीवर येतात की. नायट्रिक ॲसिडच्या शेजारी नायट्रोबेंझीन येतं. हे बरं नाही." त्यांनी हातातली यादी पुन्हा वाचली. मग म्हणाले की ठीक आहे, द्रव पदार्थांचं आणि सायनाइडसारख्या विषांचं नंतर बघू, क्षार आणि कोरड्या अल्कली तरी अक्षरांनी लावा. तेवढी मी जिंकले आणि तेवढ्यावर मी थांबायला हवं होतं.

इथे लेबलाविषयी सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आमच्याकडे लेबल काळ्या शाईने हाताने लिहायचं, डिंकाने बाटलीला लावायचं, रात्रभर वाळू द्यायचं आणि मग त्यावर वितळलेल्या मेणाचा ब्रश फिरवायचा. मेणामुळे ॲसिडचे थेंब पडले, ओला हात लागला, तरी अक्षर पुसत नाही. एकेका लेबलाला मेण लावायला अर्धं मिनिट लागतं. परांजपे सरांची लेबलं खडखड करत प्रिंटरमधून आली, ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांची, आणि त्यावर उघडल्याची तारीख लिहायला जागासुद्धा नव्हती. मी आणि मुनियप्पाने माझी जुनी लेबलं खरवडून काढली आणि ही चिकटवली. मेणाची वाटी शेगडीवर तयार होती. मी शेगडी बंद केली. त्यांची लेबलं आहेत, त्यांनी लावावं मेण, असं मनात म्हटलं. ती कुरकुर मी मोठ्याने केली असती तर बरं झालं असतं.

मुनियप्पा नव्या फळ्यांसमोर हात मागे बांधून बराच वेळ उभा होता. मी विचारलं, कळेल ना? तो म्हणाला, "सरी, अक्का." म्हणजे बरं.

मग आयुधपूजा आली. बेंगळुरात नवमीला सगळी हत्यारं, यंत्रं, गाड्या धुऊन-पुसून त्यांना हळद-कुंकू लावतात, झेंडूच्या माळा घालतात, कोहळा फोडतात. लेथ असो, बस असो, टाइपरायटर असो, कुणी सुटत नाही. आमच्या स्टोअरमध्ये बाटल्यांचीही पूजा होई. परांजपे सरांनी सांगितलं की ईथरच्या खोलीत दिवा, उदबत्ती आणि कापूर चालणार नाही. हे मला शंभर टक्के मान्य होतं. मी स्वतः कधी तिथे काडी ओढू दिली नव्हती. हळद-कुंकू आणि फुलं तेवढी ठेवा, असा तह झाला.

आदल्या दिवशी बाटल्या धुण्याचं काम मुनियप्पाचं. त्या दिवशी मला ऑफिसात यादी तपासायला बसवलं होतं. जाताना मी त्याला म्हटलं की यंदा नवे साहेब आहेत, बाटल्या देवघरातल्या समईसारख्या दिसल्या पाहिजेत. संध्याकाळी परत आले तेव्हा खरंच तशा दिसत होत्या. फळ्यांवर ओळीने काच लखलखत होती. लेबलं सरळ, जागच्या जागी. मुनियप्पा दाराशी उभा होता, शर्ट ओला, चेहरा उतरलेला. दमला असेल असं मला वाटलं.

नवमीला सकाळी प्रत्येक बाटलीच्या मानेवर मी हळदीचं बोट ओढलं आणि खाली कुंकवाचा ठिपका लावला. कडलेपुरी म्हणजे चुरमुरे-डाळं वाटून झालं, कोहळा बाहेर अंगणात फुटला, परांजपे सर प्रसाद घेऊन आपल्या खोलीत गेले. तासाभराने ऑफिस सुपरिंटेंडेंट शामण्णा स्टोअरच्या दारात आले आणि तिथेच हात जोडून थांबले. मी वळून पाहिलं. मधल्या फळीवरच्या एका बाटलीची हळद लाल झाली होती. कुंकवासारखी लाल, आणि हळूहळू खाली ओघळत होती.

बातमी कॉलेजभर जायला दहा मिनिटं पुरली. देवीने हळदीचं कुंकू केलं. टायपिस्ट मुली आल्या, लायब्ररीवाले आले, वनस्पतिशास्त्राच्या बाई चटणीचा डबा काढायला आल्या होत्या त्या डबा हातात धरूनच रांगेत उभ्या राहिल्या. शामण्णांनी चप्पल काढून बाटलीला नमस्कार केला आणि आपल्या धाकट्याच्या बदलीचं गाऱ्हाणं घातलं. कुणीतरी बाटलीला माळ घातली.

मी मात्र बाटलीवरचं लेबल पुन्हा पुन्हा वाचत होते. आमच्याकडे लग्नात नवरा-नवरी दारात आली की हळदीच्या पाण्यात चुना कालवून त्या लाल पाण्याने ओवाळतात. हळद चुन्याने लाल होते, सोड्याने होते, कॉस्टिकने होते. अल्कलीशिवाय होत नाही. आणि या बाटलीवर लिहिलं होतं सोडियम क्लोराइड, म्हणजे मीठ. मिठाने हळद जन्मात लाल होत नाही.

माळ बाजूला करून मी झाकण उघडलं. आत पांढऱ्या गोळ्या, ओलसर, निसरड्या. कॉस्टिक सोडा. हाताला लागला तर कातडी सोलून निघते आणि मुलं मीठ समजून तो हातात घेणार होती. मी सगळ्यांना बाहेर काढलं, दार लावलं आणि मुनियप्पाकडे पाहिलं. तो खाली बघत होता.

मग त्याने सांगितलं. दर वर्षीसारख्या त्याने बाटल्या रिठ्याच्या पाण्यात बुडवल्या. दर वर्षी लेबलांना काही होत नसे. यंदा मागे वळून पाहतो तर टबात नुसती लेबलं तरंगतायत. त्याने ती एकेक उचलली, गच्चीवर दोरीला चिमटे लावून वाळत घातली आणि वाळल्यावर पुन्हा चिकटवली. कोणतं कुठे, हे त्याने आकारावरून आणि डिंकाच्या डागावरून ठरवलं. निळं मोरचूद, गुलाबी कोबाल्ट, जांभळं परमँगनेट, या रंगीत बाटल्या त्याने चुकवल्या नव्हत्या. त्यांच्या लेबलांवरच्या नावाचा आकार त्याला चित्रासारखा पाठ होता. पण पांढऱ्या भुकट्या एकतीस होत्या.

त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं. हे मला माहीत होतं. तेवीस वर्षं माहीत होतं. त्याच्या नोकरीच्या कागदावर 'इंग्रजी वाचता येते' असं लिहिलेलं होतं आणि ते खोटं आहे हे मी कुणाला कळू दिलं नव्हतं, कारण कधी गरजच पडली नव्हती. तो बाटल्या जागेवरून ओळखायचा. त्या जागा आम्ही नुकत्याच मोडल्या होत्या. त्याच्या निवृत्तीला सात महिने उरले होते आणि खोट्या कागदावर नोकरी केली असं ठरलं तर पेन्शन जाणार होती. "अक्का, साहेबांना सांगू नका," एवढंच तो म्हणाला.

गप्प बसता आलं असतं. दसऱ्याच्या सुट्टीत मी एकटीने बसून बाटल्या तपासल्या असत्या. पण एकतीसमध्ये एखादी चुकली असती, तर ती पुढच्या आठवड्यात कुणा मुलाच्या हातात गेली असती. मी ती माळ घातलेली बाटली उचलली आणि परांजपे सरांच्या खोलीत गेले. मुनियप्पा मागोमाग आला, दाराशी थांबला.

सरांनी सगळं ऐकलं. त्यांचे कान लाल झाले. त्यांनी कोरा कागद ओढला आणि त्यावर मुनियप्पाचं नाव लिहायला सुरुवात केली. "या माणसाने एवढ्या बाटल्या धुतल्याच कशा?"

"धुतल्या त्यांनी, सर. दर वर्षी धुतात," मी म्हटलं. "लेबलांना मेण लावायचं काम माझं. यंदा मी लावलं नाही. विसरले नाही, मुद्दाम लावलं नाही. तुमची लेबलं होती म्हणून."

पेन थांबलं. मग त्यांनी मुनियप्पाकडे बघून सोप्या इंग्रजीत विचारलं की निदान चिकटवताना वाचायचं तरी. मुनियप्पा म्हणाला, "इंग्लिश बरल्ला, सार." येत नाही, एवढंच. तेवीस वर्षांनी कुणाला तरी सांगून टाकल्यावर त्याने पहिल्यांदा मान वर केली.

"मग इतकी वर्षं बाटल्या काढून कशा देत होता?" सरांनी मला विचारलं.

"जागेवरून."

त्यांनी बाटली जवळ ओढून घेतली. लाल झालेली हळद, वर झेंडूची माळ. शेवटी म्हणाले, "आणि जागा मी बदलल्या." त्यांनी तो कागद उलटा केला आणि पाठीवर एकपासून एकतीसपर्यंत आकडे लिहिले. "चला. सॉल्ट ॲनालिसिस करू. आपल्याच मुलांकडून आपण दर वर्षी करून घेतो ना?"

सॉल्ट ॲनालिसिस म्हणजे अज्ञात क्षार घेऊन, जाळून, विरघळवून, त्यात हे-ते टाकून तो कोण आहे हे शोधून काढणं. आमच्या सगळ्या मुलांनी केलेलं असतं. परांजपे सरांनी ते शेवटचं केलं तेव्हा ते स्वतः मुलगा होते. विजयादशमीला सकाळी ते आले, पांढरा एप्रन घालून, आणि पहिल्याच तासाला तापलेली काच हातात धरून बोट भाजून घेतलं. मुनियप्पाने बर्फ आणून दिला. तिसऱ्या बाटलीला ज्योत लाल आली आणि सरांनी कॅल्शियम असं लिहिलं. मुनियप्पा माझ्या कानाशी पुटपुटला की हा लाल दिवाळीच्या फटाक्यातला आहे. मी सरांना सांगितलं. त्यांनी पुस्तक उघडलं, वाचलं, आणि कॅल्शियम खोडून स्ट्रॉन्शियम लिहिलं.

तिथून पुढे त्यांनी पुस्तक मिटलं नाही, पण प्रत्येक बाटली आधी मुनियप्पाच्या हातात दिली. तो ती तळहातावर तोलायचा, कानाशी हलवायचा, उजेडात तिरकी धरायचा. ही जड, बेरियमची. ही ढेकळं धरते, अमोनियमची. या दाण्यांना सुईसारखी टोकं आहेत. मी त्याने सांगितलेलं नाव लिहायची, सर चाचणी करायचे आणि तिसऱ्या रकान्यात बरोबर की चूक ते भरायचे. दोन दिवसांत एकतीस बाटल्या झाल्या. मुनियप्पाचे दोन चुकले, सरांचे पहिल्या चाचणीत पाच. ते आकडे सरांनीच मोजून दाखवले आणि डबा उघडून आम्हाला घरच्या पुरणपोळ्या दिल्या. मुनियप्पाने अर्धी खाऊन विचारलं की ही होळिगे एवढी कोरडी का. मी त्याचं भाषांतर केलं नाही.

राहिल्या दिवसांत स्टोअर पुन्हा पटणाऱ्यांच्या क्रमाने लागलं. यादी कॉम्प्युटरवर राहिली. ती खरोखरच सोयीची होती, हे मी आता कबूल करते. लेबलं मात्र हाताने लिहायची ठरली. पहिलं लेबल लिहायला घेतलं तेव्हा मुनियप्पा समोर बसून डिंक कालवत होता, आणि एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, जिची लाज मला आजही वाटते. त्याला कानडी वाचता येत होतं. तिसरीपर्यंत शिकला होता, अक्षर अक्षर लावून रोजचा पेपर वाचायचा. मलाही कानडी लिहिता येत होतं, शाळेत तेच शिकले. तेवीस वर्षं मी त्या खोलीत बसून हजारो लेबलं लिहिली आणि इंग्रजी नावाखाली कानडीत तेच नाव लिहावं, हे मला एकदाही सुचलं नाही. त्याला जागा पाठ होत्या, मला तेवढं पुरत होतं.

त्या दिवशी मी प्रत्येक लेबलावर दोन ओळी लिहिल्या. वर इंग्रजी, खाली कानडी, त्याखाली आल्याची तारीख आणि उघडल्याची तारीख. वर मेण, दोन हात.

समिती आली. तिघांपैकी एक वयस्क गृहस्थ होते, खोकत खोकत प्रत्येक फळी बघणारे. अल्कलीच्या बाटल्यांच्या मानेवरचे पिवळे पट्टे पाहून ते थांबले आणि पूजेचं हे काय, असं त्यांनी विचारलं. मी तोंड उघडण्याआधी परांजपे सर अत्यंत गंभीरपणे म्हणाले की ही आमच्या विभागाची गळती ओळखण्याची पद्धत आहे. झाकणातून अल्कली बाहेर आली की हळद लाल होते. गृहस्थांनी ते डायरीत उतरवून घेतलं. शामण्णा मागे उभे होते. त्यांना मी खरं कारण आधीच समजावून सांगितलं होतं आणि ते माझ्यावर नाराज होते. देवीने सोड्याकरवी सांगितलं, पण सांगितलं ना, असं त्यांचं म्हणणं.

मग गृहस्थ मुनियप्पाकडे वळले आणि कानडीत म्हणाले की अमोनियम ऑक्झलेट द्या. सर खिडकीबाहेर बघायला लागले. मुनियप्पाचा हात सवयीने त्या जागेकडे गेला, पण बाटली उचलण्याआधी तो थांबला. त्याने खिशातून चष्मा काढून डोळ्यांना लावला, लेबलावर बोट ठेवलं आणि एकेक अक्षर लावत नाव मोठ्याने वाचलं. मग खालची तारीखही वाचली. फार वेळ लागला. कुणी घाई केली नाही. गृहस्थांनी बाटली हातात न घेता मान डोलावली आणि पुढच्या फळीकडे गेले.

लायब्ररीत मला कुणी हलवलं नाही. खोट्या कागदाचं काय झालं, ते सरांनी मला कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. सात महिन्यांनी मुनियप्पा पूर्ण पेन्शनवर निवृत्त झाला. त्या सात महिन्यांत परांजपे सर मधल्या सुट्टीत स्टोअरमध्ये येऊन त्याच्याकडून कानडी अक्षरं शिकत. लेबलांच्या वरच्या ओळीवरून सर खालची ओळ ओळखत, आणि मुनियप्पा नेमकं उलटं करत होता. ते माझ्या लक्षात आलं नव्हतं.

निरोपाच्या दिवशी भाषणं झाली, हार झाले. सर कानडीत दोन वाक्यं बोलले. मुनियप्पा नंतर मला म्हणाला की साहेबांचं कानडी फार गोड आहे. गेल्यावर मी स्टोअर बंद करायला निघाले, तर टेबलावर एक बाटली होती. आमचीच, रिकामी होऊन बाद झालेली, रिठ्याने घासलेली. आत त्याच्या घरचं आंब्याचं लोणचं. बाहेर लेबल, मेण लावलेलं. अक्षरं वाकडी, एक उलटं पडलेलं, पण इंग्रजीत होती. खाली कानडीत तेच. त्याखाली आल्याची तारीख, आणि त्याखाली उघडल्याची तारीख लिहायला मोकळी जागा.

गौरी, नियमाप्रमाणे ती बाटली कधीच फेकायला हवी होती. पण नियम उघडल्याच्या तारखेपासून मोजायचा असतो, आणि ती मी अजून लिहिलेली नाही.